थोरली परत आली तर
दोन्ही डेटाबेस सर्व्हरची नावं तिनेच ठेवली होती: थोरली, धाकटी. थोरली बंद पडली, की धाकटीने कारभार उचलायचा. हाक मारणाऱ्याला फरक कळता कामा नये. शेवटची सेटिंग उरली: थोरली परत आली तर? ‘लगेच सगळं तिच्या हवाली’, तिने निवडलं. मागून साहेब म्हणाले, “अगं, आल्या आल्या तिला किल्ल्या देतेस? मधलं काहीच ठाऊक नाही तिला. आधी धाकटीकडून समजून घेऊ दे.” तिने निवड बदलली. संध्याकाळी घरी तिने किल्ली खिळ्याला अडकवली. शेजारी ताईची किल्ली होती, भांडून घर सोडताना ठेवलेली. आतून आईने ताईच्याच नावाने हाक मारली. हल्ली तेवढंच नाव आईला आठवायचं. “आले गं आई,” ती ताईसारखा हेल काढून म्हणाली. ताईकडे किल्ली नव्हती, म्हणून दार तिने नुसतंच लोटून ठेवलं.