सेवेरोच्या घरचा थांबा

"इथे," म्हणत रोलांदोने भिंतीवरच्या बोलिव्हियाच्या नकाशात लाल टाचणी खुपसली. "दोन नोव्हेंबर, मेलेल्यांचा सण. सकाळी मिठाचं रान, मग सेवेरोचं घर, संध्याकाळी लाल तळं. जेवायला घरी आलेला मेलेला दुपारी बाराला परत जातो म्हणतात ना? म्हणजे अकराला पोचलं पाहिजे. तसं लिही."

ग्लादिसचं डोकंच फिरलं. उयुनीच्या या ऑफिसात नऊ वर्षं सहलींचे बेत तीच आखत होती. पाच दिवसांत जंगल, बर्फ, मीठ आणि तळी कशी बसवायची, पर्यटकांना कुठल्या रात्री किती उंचीवर झोपवायचं, सगळं तिच्या हातचं. पण मेलेल्या ड्रायव्हरच्या घरी जीपा नेऊन उभ्या करायच्या, हे नवीनच होतं. सेवेरो जूनमध्ये गेला होता, याच ऑफिसची जीप चालवताना.

"शेठ, यंदा त्याच्या नावाने पहिल्यांदाच जेवणाचं टेबल मांडणार आहेत. घरात दुःख आहे अजून."

"म्हणूनच तर. लोकांना तेच बघायचं असतं. आणि माणूस गेल्यावर पहिली तीन वर्षं या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही तुमचीच रीत ना? त्याची बायको बासिलिया नाही कशी म्हणेल?"

रोलांदो सांताक्रूझकडचा, खालच्या सपाटीवरचा माणूस. डोंगरातल्या रीती त्याला अर्ध्याच माहीत होत्या, आणि नेमक्या सोयीच्या तेवढ्याच.

"थोडी तरी लाज बाळगा," ग्लादिस म्हणाली. "आधी त्याला दारुडा ठरवलंत. आता त्याच्या घरात फोटो काढायचे?"

"प्यायला होता म्हणून जीप उलटली. तू काय बघायला गेली होतीस?"

ग्लादिस बघायला नव्हती गेली, पण ठाऊक होतं. सेवेरो थेंबालाही शिवत नसे. हंगामाची गर्दी होती म्हणून तीन दिवसांची फेरी दोन दिवसांत कोंबली होती. रोलांदोने सांगितलं आणि हिने वेळापत्रक लिहिलं. त्या दिवशी प्रिंटर बंद होता म्हणून हाताने लिहिलं. नोकरी जाईल या भीतीने तोंड मिटलं, ते जूनपासून मिटलेलंच होतं. तिला रोलांदोचा संताप आला होता, आणि त्याच्यापेक्षा जास्त स्वतःचा.

तेवढ्यात दार ढकलून बासिलिया आत आली. काळा घागरा, काळी शाल. सेवेरोची बायको.

"या वहिनी, बसा," रोलांदो एकदम गोड झाला.

"बसायला नाही आले. ड्रायव्हर लोकांनी सांगितलं, तुम्ही माझ्या घरी पाहुणे आणताय."

"तुमची हरकत नसेल तर."

"आणा की. हवे तेवढे आणा. आलेल्याला परत पाठवत नाहीत आमच्यात."

रोलांदोने ग्लादिसकडे बघून भुवया उडवल्या. बघितलंस?

"पण रीत पुरती ऐकून घ्या," बासिलिया म्हणाली. "येणाऱ्याने आधी माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना म्हणायची, मग पाहुण्याला बाहुलीच्या आकाराचा पाव मिळतो. आणि ज्याच्यासाठी म्हणायची तो कसा मेला, हे नको का कळायला? टेबलावर त्याचं आवडतं सूप मांडणार, कोकाची पानं, टोपी. आणि त्याच्या खिशात सापडलेला कागद. पोलिसांनी कपड्यांबरोबर दिला होता. मला वाचता येत नाही. परवा शाळेतल्या बाईंनी वाचून दाखवला."

तिने डोळे मिटून पाठ म्हणून दाखवलं. "पहाटे तीनला निघणे. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला परत. पुन्हा पहाटे तीनला निघणे. अशा चार फेऱ्या. मध्ये एक रात्र मोकळी नाही." डोळे उघडून ती म्हणाली, "माझा नवरा दारू पिऊन नाही मेला, शेठ. झोपेने मेला. गाव पाच महिने मला दारुड्याची बायको म्हणतंय. त्या दिवशी अख्खं गाव दारात असेल. सगळ्यांसमोर तो कागद वाचायचा आहे."

रोलांदोने नकाशातली टाचणी उपटली. "राहू दे. हा थांबा रद्द."

"रद्द कशाला करता? तुमच्या दोघांच्याही वाटणीच्या पावाच्या बाहुल्या मळून ठेवणार आहे मी. येऊन घेऊन जा." मग ती ग्लादिसकडे वळली. आवाज चढला नाही. "अक्षर कुणाचं ते बाईंनी ओळखलं, पोरी; त्यांच्याच शाळेत गिरवलंस ना. तर मग तूच वाच. दुसऱ्या कुणाला ते धड लागायचं नाही."

ती गेली. दार उघडंच राहिलं आणि वाऱ्याने टेबलावरचे कागद फडफडले.

"नवीन यादी कर," रोलांदो म्हणाला. "सेवेरोचं घर वगळून. आत्ताच्या आत्ता."

ग्लादिसने त्याच्या बोटांतून टाचणी काढून घेतली आणि आधीच्याच भोकात दाबून बसवली. मग प्रवाशांची यादी पुढे ओढली. दोन नोव्हेंबर, पहिली जीप, पहिलं नाव. तिथे तिने आपलं नाव लिहिलं. त्याखाली रोलांदोचं.

प्रिंटर चालू होता. तरी हातानेच लिहिलं.