सड्यावरचा होड्यांचा कारखाना

जागा सुचवणाऱ्या यंत्राने तिसऱ्यांदाही डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सपाट सडाच दाखवला.

"शेठ, डोकं फिरलंय याचं," इब्राहिम मिस्त्री म्हणाले. "खाडी इथे खाली, आणि होड्या बांधायच्या डोंगरावर?"

प्रमोदशेठ तांडेलांनी भरलेली माहिती पुन्हा वाचली. लाकूड, वीज, रस्ता, कामगार, पुढची तीस वर्षं. चूक कुठेच नव्हती.

"अरे, पण तिथून होड्या पाण्यापर्यंत न्यायच्या कशा?" त्यांनी वैतागून यंत्राला विचारलं.

"न्याव्या लागणार नाहीत. पाणी तिथवर येईल."

मिस्त्री खो खो हसले. तांडेल खिडकीशी गेले. खाडीकाठी त्यांची सून नव्या घराची भिंत रंगवत होती. तिला हाक मारावी की रंगवू द्यावं, हे त्यांना कळेना.