उजव्याचा डावा

गुडघा पुढच्या अंगाने दुमडला आणि पाऊल थेट पोटाकडे आलं.

"हा तं बगळ्याचा पाय झाला, आचल!" खाटेवरून लॅपटॉपमध्ये डोकावणारा मनसाराम पोट धरून हसला.

बापाचं हसू बघून आचललाही हसू आलं, पण जीव मेटाकुटीला आला होता. चार दिवस ती या एका गुडघ्याच्या मागे हात धुऊन लागली होती. आधी तो हलेचना, कारण तिने मांडी आणि पोटरी दोन्ही भाग जागच्या जागी पक्के करून टाकले होते. पोटरी मोकळी केली, तर पंख्यासारखी गरगर फिरली. आता हा बगळा.

गेल्या पावसाळ्यात तळ्यात जाळं ओढताना मनसारामच्या डाव्या पायात माशाचा काटा गेला. अंगात शुगर. जखम चिघळत गेली आणि शेवटी मांडीतून पाय काढावा लागला. बदली मिळाला तो गुडघ्यात न वाकणारा सरळसोट पाय. त्यावर उभं राहता येई, पण डोंग्यात, त्या लहानशा होडीत, उभं राहून जाळं ओढता येत नाही. तिथे उकिडवंच बसावं लागतं. तेव्हापासून डोंगा काठावर पालथा होता आणि मनसाराम खाटेवर.

आचल चंद्रपूरला कॅडच्या, म्हणजे संगणकावर वस्तूंचे आराखडे काढायच्या, क्लासला होती. पडद्यावर गुडघा नीट बसला-उठला, तर नागपूरच्या एका कारखान्यात घडवून घेऊ, असा तिथल्या सरांनी शब्द दिला होता. फाईल सोमवारी द्यायची होती आणि आज शनिवार होता.

डावा पाय नव्हताच, म्हणून बुधवारी आल्या आल्या तिने उजव्याची मापं घेतली.

"उजव्याचा डावा कसा करशीन?" मनसारामने तेव्हा विचारलं होतं.

"एक बटन आहे, बाबा. आरशात दिसते तसं उलटं होते. उजव्याचा डावा, डाव्याचा उजवा."

"देवाजवळ बी पायजे होतं असं बटन."

आचलने कोन उलटा केला. गुडघा शहाण्यासारखा मागे वळला. मग तिने वळण्याची हद्द घातली, शून्य ते दीडशे अंश. पुस्तकात नव्वद दिले होते. नव्वदात खुर्चीवर बसता येतं, आणि यांच्या घरात खुर्ची नव्हती. पण एकशेवीसला पोटरी मांडीत घुसली.

माप चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा टेप लावला. बुधवारी एकतीस सेंटीमीटर भरलेली पोटरी आज चौतीस भरली. स्वतःच्या वेंधळेपणावर ती चरफडली. टेप घोट्याकडे नेताच मनसारामने पाय आखडून घेतला. त्या पावलावर तो चार दिवस दुपट्टा गुंडाळून होता.

"तिथी नको. मच्छरानं फोडून ठेवला."

आचलने जुनंच माप ठेवलं आणि पोटरी मागून तासली. एकशेतीस. आणखी तासली. एकशेचाळीस. दीडशे! पडद्यावरचा पाय उकिडवा बसला.

"आई, बसला! बाबाचा पाय बसला!"

हाताला पीठ तसंच घेऊन कुंता धावत आली. मनसारामने माऊस हातात घेतला. पाय बसवला, उठवला, पुन्हा बसवला. आचलला इतका आनंद झाला की तिला रडू फुटलं.

"उन्हाळ्यात डोंग्यात बसा तुमी, बाबा."

मनसारामने माऊस खाली ठेवला आणि दुपट्टा सोडला. आतून कडुनिंबाचा पाला गळून पडला. अंगठा काळाठिक्कर पडला होता आणि तो काळेपणा घोट्याच्याही वर चढला होता.

"काऊन नाई सांगितलं, बाबा?" आचल ओरडली. "बुधवारीच दवाखान्यात गेलो असतो!"

"गेलो असतो तं कापला असता. मंग तू माप कोनत्या पायाचं घेतलं असतं?" मनसाराम म्हणाला. "आता झालं तुयं काम. ते बटन आणखी एकदा दाब. उजवा बी लागन."