पायाखालचा लेपा

ओहोटी लागून तास उलटला, तरी थोरलीच्या टोपलीत काही नव्हतं.

दोघी जावा खाडीत हातभर अंतर ठेवून चालत होत्या. चालणं कसलं, पाय घासत सरकणं. लेपा हा चपटा मासा आळशी. अंगावर चिखल ओढून घेतो, दोन्ही डोळे तेवढे वर ठेवतो आणि पडून राहतो. तळव्याखाली काही गुळगुळीत थरथरलं की टाच दाबायची. पाय उचलायचा नाही. पोटरीवरून हात खाली सोडायचा, कल्ल्यात बोटं घालायची आणि मासा उपसायचा. त्याला जाळं लागत नाही, गळ लागत नाही. लागतात ते जाणते पाय.

काठावरची गळवाली मंडळी याच लेप्यासाठी काय काय करतात! चिखलातले किडे उकरतात. कवच टाकून मऊ पडलेला खेकडा शोधून गळाला बांधतात. कोणी तर घरातला चमचा घासूनपुसून दोरीला लावतो, चकाकी बघून मासा मागे येतो म्हणे. थोरली त्यांना हसायची. "आमिष दाखवून बोलवायला तो काय रुसलेला जावई आहे?" असं म्हणायची.

आज ती हसत नव्हती. महिनाभरात तिच्या पायाला एकही मासा लागला नव्हता. काल जेवताना मुलाने सांगून टाकलं होतं, उद्या रिकाम्या हाताने आलीस तर परवापासून खाडी बंद. तो काळजीपोटी बोलतो हे तिला कळत होतं. दिवसभर भिंतींशी बोलायचं म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं.

धाकटीने वाकून चौथा मासा उपसला.

"तुमचे पाय कुठं गावाला गेलेत का, जाऊबाई?"

"पाणीच गढूळ झालंय," थोरली म्हणाली.

पाणी रोजच्यासारखंच होतं. "नाचता येईना अंगण वाकडं," धाकटी पुटपुटली, थोरलीला नीट ऐकू जाईल इतपत. चाळीस वर्षं दोघींचं असंच चाललं होतं.

पुढे पाणी घोट्याएवढं उथळ झालं. थोरली दम खायला थांबली. धाकटीचं सहज खाली लक्ष गेलं आणि ती बघतच राहिली. थोरलीच्या उजव्या पायाखालून एक शेपटी बाहेर आली होती. ताटाएवढा लेपा. सुटायला धडपडत होता, पाणी उडवत होता. आणि थोरली त्याच्यावर उभी राहून काठाकडे बघत होती.

धाकटीला आधी हसूच आलं. मग त्याच पायाच्या कडेने पाण्यात लाल रेघ निघालेली दिसली.

"जाऊबाई, हलू नका. उजवी टाच दाबा."

थोरलीने खाली पाहिलं. डोळ्यांनी बघून टाच दाबली. मासा उपसला, पण टोपलीत टाकला नाही. तसाच दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"थंडी पडली तेव्हापासून. आधी बोटं गेली, मग टाच. खाली चिखल आहे की घरातली फरशी, काही कळत नाही बघ."

"मग रोज कशाला येत होतात? पाय कापून घ्यायला?"

"घरी कोण आहे?"

धाकटीने तिच्या हातातल्या माशाकडे बोट दाखवलं. "हा घेऊन जा. मुलाला दाखवा. मी तोंड उघडत नाही."

थोरलीने माशाकडे पाहिलं. असा मोठा बऱ्याच दिवसांत कोणाला मिळाला नव्हता. "हा तुझा," ती म्हणाली. "तू बघितलास, मी नुसती उभी होते." तिने तो धाकटीच्या टोपलीत टाकला आणि तिचा खांदा धरला. "आता मला काठावर ने."

काठाच्या दगडावर बसून थोरलीने पाय मांडीवर घेतला आणि चपलेतला खडा काढावा तसा तळव्यातून शिंपल्याचा तुकडा काढला. कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. धाकटीने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून पायाला घट्ट बांधला. तिला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून ती गाठ पुन्हा पुन्हा आवळत बसली.

"पुरे, पाय गळून पडेल," थोरली म्हणाली. "जा तू. अजून बराच वेळ ओहोटी आहे."

धाकटी पाण्यात उतरली. दहा पावलं गेली, वीस गेली. शेजारी कोणाचे पाय घासल्याचा आवाज नव्हता. तिला खाडी एकदम फार मोठी वाटायला लागली.

"काय लागतंय पायाला?" काठावरून हाक आली.

खाडीत ओरडायचं नसतं. माणसाचा मोठा आवाज आला की लेपा सटकतो, हे थोरलीनेच तिला शिकवलं होतं. धाकटी जागच्या जागी थांबली. नेमकं त्याच वेळी तिच्या डाव्या तळव्याखाली काहीतरी थरथरलं. चांगलं मोठं होतं.

"वाळू लागतेय!" ती ओरडली. "बारीक आहे!"

तळव्याखालचं सुळकन निघून गेलं.

"गार आहे का?"

"वरून कोमट, बोटं रुतवली की गार!"

"मग अजून डावीकडे जा," थोरली म्हणाली. "आणि थांबू नकोस. सांगत राहा."