हाताचं मत

द्वारकाबाई कासारांनी डाव्या हाताने फॉर्मवर खूण केली: चालणं. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी पुढची पाच वर्षं कशावर संशोधन करायचं, हे यंदा रुग्णांनाच विचारलं जात होतं. पण मिरजेच्या पुनर्वसन केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट अमृता दणाणे फॉर्म हातात घेऊन थांबल्या.

"मावशी, तुमच्या उजव्या हाताने वेगळंच मत दिलंय."

"त्याने? तो तर दोन वर्षांत हललासुद्धा नाही."

"हलत नाही, पण धडपडतो. कातडीखाली बसवलेल्या सेन्सरच्या पट्टीत ते सगळं नोंदलं जातं. शरीर ज्या हालचालीसाठी सर्वात जास्त धडपडतं, तेही आता मत म्हणून धरतात."

त्यांनी पडद्यावर ती हालचाल दाखवली. चित्रातली बोटं कुणाचा तरी पंजा दाबून आवळत होती आणि हळूच मनगटाकडे सरकत होती.

द्वारकाबाईंनी लगेच ओळखलं. चाळीस वर्षं त्यांनी बायकांना बांगड्या भरल्या होत्या.

"पण मला त्या कामाचा वीट आला होता," त्या गोंधळून म्हणाल्या. "दुकान बंद केलं तेव्हा मी पेढे वाटले. मग हे मागतंय तरी कोण?"

अमृतांनी फॉर्म पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. "एकाची दोन मतं चालत नाहीत, मावशी. कुठलं पाठवू?"

द्वारकाबाई मांडीवरच्या निपचित हाताकडे बघत राहिल्या. चालता आलं तर आपल्याला कुठे जायचंय, हे त्यांनी मनाशी शोधून पाहिलं. एकही ठिकाण सुचेना.

"त्याचंच पाठवा," त्या शेवटी म्हणाल्या. "काय हवंय ते त्याला तरी कळतंय."