चिपळूणची बस

"मुलासाठी हवाय का?" गेमिंग लॅपटॉप मागणाऱ्या नयनाला दुकानदाराने विचारलं.

"नाही, बाबांसाठी."

कुबड्या सावरत यशवंतराव पुढे आले. आयुष्यभर त्यांनी एसटी चालवली. मधुमेहाने पाय गेला आणि स्टिअरिंग सुटलं. हल्ली ते मोबाइलच्या गेममध्ये बस चालवायचे, पण त्यांच्या जाड बोटांना तो इवलासा पडदा पुरत नव्हता.

चकचकीत, पातळ लॅपटॉप त्यांनी उघडून पाहिला. बिजागरी डुगडुगली. "हा टिकायचा नाही." नयनाच्या बजेटमधला जाडजूड लॅपटॉप मात्र जोरजोरात बटणं दाबूनही हलला नाही. "हाच घे."

घरी येताच त्यांनी बस सुरू केली. आई स्वयंपाकघरातून डोकावली.

"निघालात कुठं?"

"चिपळूणला."

"मग थांबा, मीही येते," म्हणत तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.