खंडेनवमीची गिटार

चार महिने खपून रविराजनं घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवली. मोडक्या बैलगाडीची बाभळीची फळी तासली, चुंबकांभोवती तांब्याची बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळली, वरून ट्रॅक्टरचा लाल रंग मारला. खंडेनवमीच्या सकाळी तारा चढवल्या आणि पूजेत मांडलेल्या तलवारीशेजारी ती हळूच नेऊन ठेवली.

वडलांनी, अमरसिंहांनी, पायानंच ती बाजूला सारली. "हितं हत्यारं पुजत्यात. उचल हे लाकूड."

रविराजनं ती उचलून ओसरीवर नेली आणि स्पीकरला जोडली. तेवढ्यात निवडणुकीत अमरसिंहांविरुद्ध पडलेला सोमेश्वर कोयता घेऊन आत घुसला आणि थेट त्यांच्यावर धावला. रविराजनं हातातली गिटारच त्याच्या डोक्यात घातली. स्पीकर चालू होता. तो फटका अख्ख्या गावानं ऐकला. सोमेश्वर पडला तो परत उठला नाही.

अमरसिंहांनी रविराजकडून गिटार घेतली, तलवार सरकवून मधोमध ठेवली आणि तिला कुंकू लावलं.

"आता शोभायली बघ."

रविराजनं तिच्यावर अजून एकही गाणं वाजवलं नव्हतं.